सुनंदाबाईंच्या डाव्या तळपायाचा नकाशा

बायकोच्या तळपायाचा नकाशा काढावा, हा विचार भल्या माणसाच्या डोक्यात आपणहून येत नाही. तो कुणीतरी घालावा लागतो. लक्ष्मीकांतराव चिटणीसांच्या डोक्यात तो जयेंद्रगंजातल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी घातला, आणि आपण काय घालतो आहोत याची त्या बिचारीलाही कल्पना नव्हती. ती एवढंच म्हणाली होती, "दर महिन्याला एक फोटो काढून ठेवा."

झालं होतं असं. हरिशंकरपुरमच्या बागेत सकाळी फिरताना सुनंदाबाईंच्या चपलेतून काटा आरपार गेला आणि डाव्या पायात मोडला. नात तन्वी कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे राहते. ती सुई आणि चष्मा घेऊन बसली. काटा निघाला. पण त्याच्या शेजारी, पायाच्या कमानीत, मसुराएवढा काळाभोर तीळ दिसला. तन्वीने लगेच फोनवर तळपायाच्या तिळांची माहिती काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

"आजी, ये तो दिखाना पड़ेगा," तन्वी म्हणाली. "मस्करी नाहीये ही."

"अगं, तो माझ्या जन्मापासून आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "माझ्या आईला माहीत होता."

पण आईला जाऊन एकवीस वर्षं झाली होती, तेव्हा त्या साक्षीचा उपयोग नव्हता.

डॉक्टर सीमंतिनी वयाने तरुण आणि बोलायला गोड. तिने उजेडाचं भिंग तळपायाला लावलं, आतलं चित्र कॉम्प्युटरवर घेतलं आणि दोघांना समजावून सांगितलं. तळपायाच्या कातडीवर बारीक रेघा असतात. खोलगट रेघ, मग उंचवटा, पुन्हा खोलगट रेघ. तिळाचा रंग खोलगट रेघेत असला तर चिंता नाही. तो उंचवट्यावर चढायला लागला तर मात्र कापून तपासावा लागतो.

लक्ष्मीकांतराव खुर्चीत ताठ झाले. जलसंसाधन विभागात ते चौतीस वर्षं मानचित्रकार होते. कालवे, पाट, बंधारे यांच्यापलीकडे त्यांनी आयुष्यात काही काढलं नव्हतं.

"म्हणजे सरी आणि वरंबा," ते म्हणाले. "पाणी सरीत आहे, वरंब्यावर चढलेलं नाही."

"वा काका, अगदी तेच," डॉक्टर म्हणाली. "घाबरण्यासारखं आज काहीच नाही. फोटो काढत राहा, तीन महिन्यांनी दाखवा. तीळ बदलला, वाढला, असं वाटलं तर आधी या."

एवढ्या लांब वाक्यांतून लक्ष्मीकांतरावांनी 'आज' हा एकच शब्द घरी आणला. आज नाही, म्हणजे उद्या असू शकतं. सुनंदाबाईंना काही होऊ शकतं, ही गोष्ट चाळीस वर्षांत त्यांच्या मनात कधी आलीच नव्हती. त्यांना वाटायचं, काही व्हायचं असेल तर ते आपल्याला होईल, रीतसर ज्येष्ठतेप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की फोटोवर त्यांचा विश्वास नाही. फोटोला प्रमाण नसतं. उजेड बदलला की रंग बदलतो, हात हलला की आकार बदलतो. लक्ष ठेवायचं तर नकाशा हवा, एकास एक प्रमाणात. चिटणीसांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दरबारात पत्रं लिहीत आणि त्यांच्या अक्षराला खाडाखोड माहीत नव्हती, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाई. चौतीस वर्षांत लक्ष्मीकांतरावांचा एकही नकाशा दुरुस्तीसाठी परत आला नव्हता. साहेब बदलून गेले, कालवे कोरडे पडले, काही कालवे खणलेच गेले नाहीत, पण नकाशे बरोबर होते.

अडचण पायाची निघाली. सुनंदाबाई नवऱ्याला पायाला हात लावू देईनात. पाडव्याला ओवाळून झालं की त्या वाकून नमस्कार करायच्या आणि लक्ष्मीकांतराव 'असू दे, असू दे' म्हणायचे. उलट दिशेची वाहतूक त्या घरात कधी झालीच नव्हती.

"डॉक्टरनं लावला तेव्हा चाललं," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"ती डॉक्टर आहे. तुम्ही नवरा आहात. उगीच मला पाप लावू नका."

शेवटी तडजोड झाली. सुनंदाबाई आलेखाच्या कागदावर उभ्या राहिल्या आणि तन्वीने पावलाभोवती पेन्सिल फिरवून बाह्यरेषा काढली. मग सुनंदाबाई कोचावर बसल्या, पाऊल वर उचलून तळवा डोळ्यांसमोर धरला आणि शिवणाची टेप लावून स्वतःच मापं घेऊ लागल्या. लक्ष्मीकांतरावांनी भिंतीकडे तोंड करून ती लिहून घ्यायची असं ठरलं होतं, कारण कुणी तळव्याकडे टक लावून बघितलं तरी बाईंना गुदगुल्या होत.

"टाचेपासून नऊ सेंटीमीटर. डाव्या कडेपासून दोन," बाईंनी सांगितलं.

"नऊ पॉइंट किती?"

"नऊ म्हणजे नऊ. ब्लाऊज शिवून राहिले का मी?"

असे चार तीळ नोंदवले गेले: कमानीत तो मसुराएवढा, दोन बोटांच्या बुडाशी, एक टाचेजवळ. लक्ष्मीकांतरावांनी ते त्या बाह्यरेषेत काळ्या शाईने बसवले. खाली लिहिलं, 'सौ. सुनंदा ल. चिटणीस, डावा तळपाय, प्रमाण १:१.' सवयीने बोटांच्या दिशेला उत्तर दाखवणारा बाणही काढला. नकाशा देखणा झाला होता. त्यांनी तो जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि सुनंदाबाईंनी तो दुसऱ्या मिनिटाला काढून कपाटात ठेवला. पानात पोळी असताना समोर आपला तळपाय बघायची त्यांची तयारी नव्हती.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण एका विहिरीवरून गावाच्या पाण्याची पातळी ठरवता येत नाही, हे सरकारी खात्यातला शिपाईसुद्धा जाणतो. कमानीत तीळ असणं हे नेहमीचं आहे की फक्त आपल्याच घरात आहे? लक्ष्मीकांतरावांना हा प्रश्न पडला आणि त्यांना स्वस्थता मिळेना. सकाळी बागेत फिरणाऱ्यांना त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारायला सुरुवात केली, "तुमच्या तळपायाला तीळ आहेत का हो? बघता येतील का?"

सर्वांत आधी शेजारच्या शालिनीताई तयार झाल्या. त्यांचं भजनी मंडळ आहे आणि त्यांना कुठल्याही गोष्टीबद्दल आधीपासून माहिती असते.

"तळपायाला तीळ म्हणजे प्रवास," त्या मोजे काढता काढता म्हणाल्या. "पायाला भिंगरी. माझा बघा, टाचेवर. चारधाम झालं, आता मंडळाला घेऊन गणपतीपुळे."

"आणि माझ्या पायाला चार आहेत," सुनंदाबाई म्हणाल्या. "तीळ माझ्या पायाला आणि दौरे ह्यांचे. भिंड, मुरैना, श्योपुर. मी फार तर झाशीपर्यंत गेले, तेही नणंदेच्या बाळंतपणाला. समुद्र अजून बघितला नाही."

बायका हसल्या. लक्ष्मीकांतराव शालिनीताईंच्या टाचेवर झुकले होते म्हणून त्यांना हसता आलं नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्याच दिवशी सुनंदाबाईंनी गणपतीपुळ्याच्या यादीत नाव दिलं. गाडी दोन महिन्यांनी होती.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं एरंडेल लावा, कुणी म्हणालं चुना अजिबात लावू नका, जणू कुणी लावणारच होतं. एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं की तीळ हा पित्ताचा प्रकार आहे, आणि आपल्या तळपायाला एकही नाही हे दाखवायला ते दोनदा आले. आठवड्याभरात तेवीस माणसांचे सेहेचाळीस तळवे बघून झाले. लक्ष्मीकांतरावांनी तक्ता केला, रंग भरले. कमानीत सर्वांत जास्त, टाचेवर सर्वांत कमी. त्यांच्या जिवाला थोडं बरं वाटलं.

पण कॉलनीत वेगळंच पसरलं. चिटणीस साहेब पाय बघून भविष्य सांगतात, तेही फुकट. संध्याकाळी फाटकाशी माणसं दिसू लागली. एक बाई होणाऱ्या जावयाच्या तळपायाचा फोटो घेऊन आल्या आणि मुलगा परदेशी टिकेल का ते विचारू लागल्या. लक्ष्मीकांतरावांनी त्यांना वीस मिनिटं हे शास्त्र आहे म्हणून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मतलब टिकेगा ना?"

शेवटी कॉलनी समितीचे सचिव संग्रामसिंह यांनी सूचना फलकावर कागद डकवला. 'सभी रहवासियों से निवेदन है कि पार्क की बेंचों पर पैरों का प्रदर्शन न करें.' नाव लिहिलं नव्हतं, पण नाव न लिहिता माणसाचा अपमान कसा करावा हे समित्यांना बरोबर कळतं. लक्ष्मीकांतरावांनी फिरायची वेळ बदलली आणि तक्त्याचं काम थांबवलं. मात्र दुसऱ्या महिन्याचा नकाशा ते चुकवणार नव्हते.

यावेळी शिवणाची टेप नको, असं त्यांनी ठरवलं. नऊ म्हणजे नऊ ही काही मोजणी झाली नाही. सुनंदाबाईंना हात न लावता त्यांचा तळवा थेट कागदावर उतरवण्याची युक्ती त्यांना सुचली, आणि ती घेऊन ते नई सडकेवर दौलतसिंहांच्या काचेच्या दुकानात गेले.

"मोटा काँच चाहिए," ते म्हणाले. "दोन बाय दोन फूट."

"टेबल के ऊपर?" दौलतसिंहांनी विचारलं.

"नहीं, उस पे वाइफ खड़ी होंगी. मैं नीचे लेटूँगा."

दौलतसिंहांनी हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला. चिटणीसांच्या घरातल्या तसबिरींना दौलतसिंहांचे वडील काचा बसवून देत होते. असं घराणं, आणि काय ही वेळ. "चिटणीस साब," ते आवाज खाली आणून म्हणाले, "घर में सब ठीक है ना?"

काच पोचवायला ते स्वतः आले. सुनंदाबाईंना त्यांनी हात जोडून खुशाली विचारली आणि पाणी पिऊन होईपर्यंत घरभर नजर फिरवली. विपरीत काही दिसलं नाही म्हणून जरा निराश होऊनच परत गेले.

काच विटांच्या दोन थप्प्यांवर आडवी बसवली. तिच्या खालच्या अंगाला लक्ष्मीकांतरावांनी पारदर्शक ट्रेसिंग कागद चिकटवला, चटईवर उताणे झाले आणि तोंडात टॉर्च धरून खाली सरकले. तन्वीने आजीचा हात धरून तिला वर उभं केलं. ट्रेसिंगमधून चारही तीळ स्वच्छ दिसत होते. लक्ष्मीकांतरावांनी आधी टाचेचं टोक आणि मधलं बोट असे दोन बिंदू घेऊन आधाररेषा आखली, मग पटापट चार तीळ टिपले. आता फक्त बाह्यरेषा राहिली होती.

तेवढ्यात वर उभ्या सुनंदाबाईंना आपण काय करतो आहोत ते उमगलं.

"अहो, तुम्ही माझ्या पायाखाली आहात," त्या म्हणाल्या.

"हं," टॉर्चच्या आडून आवाज आला.

"हात लावायचा नाही म्हणता म्हणता मी तर उभीच राहिले तुमच्यावर. देवा, हे कुठलं पाप करून बसले मी."

आणि त्याच क्षणी उघड्या दारातून शालिनीताई मुळ्याची भाजी घेऊन आत आल्या. त्यांनी काचेवर उभ्या सुनंदाबाई बघितल्या, काचेखाली आडवे, तोंडात टॉर्च धरलेले लक्ष्मीकांतराव बघितले, भाजीची वाटी टीपॉयवर ठेवली आणि "मी मग येते" म्हणून गेल्या. सुनंदाबाईंनी उडी मारली ती थेट स्वयंपाकघरात. पुन्हा त्या काचेवर चढल्या नाहीत. बाह्यरेषा राहिली ती राहिलीच.

चिटणीस बायकोच्या पायाखाली असतात हे कॉलनीला संध्याकाळच्या आत कळलं. निवृत्त प्राध्यापक म्हणाले की आपल्याला ते पहिल्यापासून माहीत होतं.

लक्ष्मीकांतरावांनी मात्र तिकडे लक्ष दिलं नाही, कारण तोवर त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. बाह्यरेषेवाचून फारसं अडत नव्हतं. या वयात पाऊल काही वाढत नाही. ट्रेसिंग खालून काढलेलं होतं, म्हणून त्यांनी ते पालथं करून पहिल्या नकाशावर ठेवलं, टाचेला टाच आणि बोटाला बोट जुळवलं, आणि चष्मा पुसून पुन्हा जुळवलं. कमानीतला तीळ जागेवर नव्हता. तो तळव्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गेला होता, चांगला तीन सेंटीमीटर. बोटांच्या बुडाशी असलेले दोन्ही हलले होते. टाचेजवळचाही हलला होता.

शहाण्या माणसाने इथं म्हटलं असतं की नकाशा चुकला. पण लक्ष्मीकांतरावांचा नकाशा चुकत नसे. नकाशा आणि जमीन यांत तफावत आली तर हलली असेल ती जमीन, हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता. एका पुरानंतर त्यांनी आख्खी नदी अर्धा मैल सरकलेली पाहिली होती. नदी सरकते, तर तिळाचं काय मोठंसं? पाणी सरीतून सुटून वरंबे ओलांडून भलतीकडे गेलं होतं. बंधारा फुटला होता.

ते तसेच टेबलाशी बसून राहिले. आतून कुकरच्या शिट्टीमागून सुनंदाबाई भजन गुणगुणत होत्या. ते भजन लक्ष्मीकांतरावांना कधीच आवडलं नव्हतं. आता ते थांबू नये असं त्यांना वाटलं, आणि असं वाटलं याचीच त्यांना भीती वाटली.

"तू गणपतीपुळ्याला जायचं नाहीस," जेवताना त्यांनी एकदम सांगितलं.

"का?"

"नाही म्हणजे नाही."

सुनंदाबाईंनी ताट अर्ध्यावर सारलं. त्या भांडणाऱ्या नव्हत्या. चाळीस वर्षांत सहली बऱ्याच ठरल्या आणि मोडल्या. कधी पाहणीदौरा, कधी पूर, कधी मंत्र्यांची भेट. त्यांनी कधी अक्षर काढलं नव्हतं. आज मात्र त्या म्हणाल्या, "यावेळी मला कारण पाहिजे."

लक्ष्मीकांतरावांनी कपाटातून दोन्ही कागद आणून पसरले. बोट ठेवून दाखवायला लागले, आणि दुसऱ्या तिळापाशी बोट तिथंच ठेवून बसले. तन्वी वाकून बघत होती.

सुनंदाबाईंनी खूप वेळ कागद बघितले. "खरं सांगा," त्या म्हणाल्या. "हे वाईट आहे का?"

"मला माहीत नाही," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "मला नुसता नकाशा काढता येतो. मला भीती वाटते, सुनंदा."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. सुनंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या पदराने टेबलावरचं आमटीचे शिंतोडे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाईट असलं तर मी आधी समुद्र बघणार. मग काय ती कापाकापी करा."

दुसऱ्या दिवशी तिघं जयेंद्रगंजात गेली. काउंटरवरच्या मुलीने डॉक्टरच्या चिठ्ठीचा पर्चा उलटा-सुलटा करून बघितला.

"अंकल, इसमें तीन महीने बाद का लिखा है. आप डेढ़ में कैसे आ गए?"

"इमर्जन्सी है," म्हणत लक्ष्मीकांतरावांनी नकाशा तिच्यापुढे उलगडला.

तिने उत्तरेचा बाण पाहिला, प्रमाण पाहिलं, आणि सहानुभूतीने म्हणाली, "प्लॉट का काम यहाँ नहीं होता अंकल. रजिस्ट्री वाले आगे बैठते हैं."

मग फोनवर ओळख पटवायचा आकडा मागवावा लागला, तो तन्वीच्या जुन्या नंबरवर गेला, तो नंबर बंद होता. मग फॉर्म आला. त्यात तक्रारीच्या रकान्यात लक्ष्मीकांतरावांनी लिहिलं, 'चार तिळांचे स्थलांतर', आणि मुलीने ते कॉम्प्युटरमध्ये 'खुजली' म्हणून भरलं. दोन तास गेले. त्या दोन तासांत लक्ष्मीकांतराव बाकावर बायकोशेजारी बसून होते, आणि आजूबाजूला माणसं असताना त्यांनी तिचा हात हातात घेतला होता. सुनंदाबाईंनी तो सोडवला नाही. त्या फक्त समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या.

डॉक्टर सीमंतिनीने आधी भिंग लावलं. मग नवं चित्र घेतलं, जुन्याशेजारी ठेवलं, मोजलं, पुन्हा मोजलं.

"काहीही बदल नाही," ती म्हणाली. "जिथं होता तिथंच आहे, तेवढाच आहे. रंग सगळा खोलगट रेघांतच आहे. चांगला तीळ आहे, काकू. शांत."

"असं कसं होऊन जाईल?" लक्ष्मीकांतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "नकाशात तीन सेंटीमीटरचा फरक आहे."

डॉक्टरने दोन्ही कागद घेतले आणि खिडकीच्या काचेला लावले. बाह्यरेषेतला अंगठा बघितला, मग सुनंदाबाईंचा अंगठा बघितला. विचारलं, "पहिली मापं कुणी घेतली?"

"मीच," सुनंदाबाई म्हणाल्या. "तळवा असा डोळ्यांपुढे धरून."

"आणि बाह्यरेषा काढताना तुम्ही पायावर उभ्या होतात." डॉक्टरने ट्रेसिंग काढलं, तळव्याकडून दिसतं तसं सुलटं केलं आणि पुन्हा पहिल्या कागदावर ठेवलं. चारही ठिपके चार ठिपक्यांवर जाऊन बसले; नऊ म्हणजे नऊपुरता किंचित फरक राहिला. "काका, वरून बघितलेल्या पावलाची डावी कड आणि खालून बघितलेल्या तळव्याची डावी कड एक नसते. तुमचा पहिला नकाशा उलटा आहे."

लक्ष्मीकांतराव खिडकीजवळ गेले. त्यांनी चष्मा वर केला आणि बघितलं, बराच वेळ. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरानेही करू नये अशी चूक होती. चौतीस वर्षं, शेकडो नकाशे, दरबारातलं बिनखाडाखोडीचं घराणं, आणि बायकोच्या पायाला हात न लावता मोजणी करायला गेले ते डावं-उजवं विसरून बसले. तन्वी हळूच म्हणाली, "आजोबा, होता है. इतका फील नका करू."

पण आजोबा हसत होते. हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"माझा नकाशा चुकला, सुनंदा," ते म्हणाले. "पार चुकला. पहिल्यापासून चुकला."

"मग एवढा आनंद कसला होऊन राहिलाय?" असं म्हणत सुनंदाबाईंनी तोंड वळवून डोळे टिपले.

तेवीस माणसांचा तक्ता डॉक्टरने मागून ठेवून घेतला. तो सरळ होता आणि तिला खरोखर आवडला. लक्ष्मीकांतरावांच्या मानाची तेवढीच डागडुजी झाली. काच दौलतसिंहांकडे परत गेली. तिच्यावर दोन पावलांचे ठसे होते, आणि कसले ते त्यांनी विचारलं नाही.

गणपतीपुळ्याला मंडळ ठरल्या दिवशी निघालं. लक्ष्मीकांतराव स्टेशनवर गेले, बॅग चढवली आणि शालिनीताईंना पाच सूचना दिल्या. घर तीन दिवस रिकामं वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आणि तन्वी पोहे खात असताना तन्वीचा फोन वाजला, आणि पडद्यावर आधी नुसतं आभाळ, मग शालिनीताईंचा कान, मग सुनंदाबाई आल्या. मागे समुद्र होता. त्यांनी साडी घोट्यापर्यंत वर धरली होती आणि केस सगळे विस्कटले होते.

"अहो, दिसतंय का?" त्या म्हणाल्या. "केवढा आहे हो हा. कुठं संपतच नाही."

"दिसतंय," लक्ष्मीकांतराव म्हणाले. त्यांना समुद्र फारसा दिसत नव्हता. त्यांना ती दिसत होती. "पाय जपून टाक. डावा कसा आहे?"

"थांबा, दाखवते." सुनंदाबाईंनी फोन खाली धरला. ओल्या वाळूत त्यांचं डावं पाऊल उमटलेलं होतं. टाच, कमान, पाच बोटं, सगळं स्वच्छ. लक्ष्मीकांतराव फोनवर वाकले. तेवढ्यात पाण्याचा एक पातळ पापुद्रा सरकत आला, पावलावरून गेला आणि मागे फिरला. तिथं सपाट वाळू राहिली.

"गेलं," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"जाऊ दे की. मी आहे ना इथं. दुसरं उमटवते."

लक्ष्मीकांतरावांनी पोह्यांची ताटली बाजूला सारली आणि फोन तन्वीच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"सावकाश उमटव," ते म्हणाले. "मी बघतोय."